इलेक्ट्रिक फ्लॅग: आधी निघाले, मागे राहिले

शिकागोच्या ब्लूमफील्ड कुटुंबाचा धंदा हॉटेलांना लागणाऱ्या सामानाचा होता. कॉफीची यंत्रं, साखरेच्या बरण्या, मीठ-मिरीच्या डब्या. घर ज्यू, चांगलं सधन, राहायला शहराच्या उत्तरेकडे मिशिगन सरोवराकाठच्या ग्लेन्को या श्रीमंतांच्या उपनगरात. थोरल्या मुलाने पुढे धंद्यात लक्ष घालावं, ही वडिलांची साधी अपेक्षा. हा थोरला मुलगा मायकेल, जन्म २८ जुलै १९४३ चा. डावखुरा, पण गिटार उजव्या हाताने वाजवायला शिकलेला. मिसरूड फुटायच्या वयात तो शहराच्या दक्षिण भागात, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या क्लबांत ब्लूज ऐकायला जाऊ लागला. ऐकून परत येणाऱ्यांतला तो नव्हता. गिटार घेऊन सरळ मंचावर चढायचा.

ज्या वर्षी मायकेल जन्मला, त्याच वर्षी मडी वॉटर्स मिसिसिपीतला कापसाचा मळा सोडून शिकागोला आला होता. दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे आलेल्या लाखो काळ्या माणसांपैकी तो एक. गावाकडे ओसरीवर एका गिटारीवर गायला जाणारा ब्लूज शिकागोच्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून गिटारीला वीज लागली, जोडीला ड्रम आले, माउथ ऑर्गन मायक्रोफोनला चिकटवून वाजू लागला. मायकेलने हे संगीत तबकडीवरून नव्हे, वाजवणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून उचललं. विशीत त्याने ‘फिकल पिकल’ नावाच्या कॉफीघरात ब्लूजच्या रात्री भरवल्या आणि विस्मृतीत गेलेल्या म्हाताऱ्या गवयांना शोधून आणून गायला बसवलं. गोऱ्या, पैसेवाल्या घरातल्या पोराचं हे वेड त्या म्हाताऱ्यांना मौजेचं वाटत असणार. पण त्यांनी त्याला हाकललं नाही.

याच मायकेल ब्लूमफील्डने १९६७ मध्ये ‘द इलेक्ट्रिक फ्लॅग’ हा बँड काढला. ब्लूज-रॉक वाजवणाऱ्या गिटार-ड्रमच्या जोडीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा कायमचा ताफा ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. दोन वर्षांच्या आत तो फुटला. का फुटला, याचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: हेरॉइन. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. त्या काळात अमली पदार्थ नसलेला बँड शोधावा लागला असता, आणि त्यांतले कित्येक पुढे वर्षानुवर्षं वाजत राहिले. मला वाटतं, फ्लॅगचं दुखणं जन्माचंच होतं. बँड ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला तो चालवायचा नव्हता.

ब्लूमफील्ड प्रसिद्ध झाला तो दुसऱ्यांच्या सावलीत, आणि तिथेच तो सर्वांत खुलला. जून १९६५ मध्ये बॉब डिलनने ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. त्या दिवशी अल कूपर नावाचा तरुण गिटार वाजवायला मिळेल या आशेने स्टुडिओत शिरला होता. ब्लूमफील्डला नुसता हात मोकळा करताना ऐकून त्याने आपली गिटार खोक्यात ठेवली आणि संधी साधून ऑर्गनवर जाऊन बसला. त्या गाण्याचा ऑर्गन जगाला पाठ झाला, तो असा. महिन्याभराने, २५ जुलैला, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन पहिल्यांदा विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा शेजारी ब्लूमफील्डच होता. डिलनने त्याला आपल्याबरोबर ठेवायची तयारी दाखवली. त्याने नकार दिला आणि शिकागोच्या पॉल बटरफील्डच्या ब्लूज बँडमध्येच राहिला. पैसा आणि नाव समोर येऊन उभं राहिलं की हा माणूस बाजूला सरकतो, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

बटरफील्डच्या बँडने १९६६ मध्ये ‘ईस्ट-वेस्ट’ हा अल्बम काढला. त्यातली शीर्षकाची रचना तेरा मिनिटांची आहे आणि ती आपल्या कानाला परकी वाटत नाही. ब्लूमफील्ड त्या काळात हिंदुस्थानी संगीत ऐकत होता. एक स्वर धरून ठेवायचा, त्याच्यावर एकेक स्वरसमूह उलगडत न्यायचा, लय वाढवत नेऊन मोकळं व्हायचं, हा ढाचा त्याने गिटारीवर आणला. बँडची मंडळी तिला सरळ ‘द रागा’ म्हणत. आपल्या शास्त्रीय संगीतात मुरलेल्या माणसाला तिच्यात राग सापडणार नाही, आणि तो शोधूही नये. पण तीन मिनिटांच्या गाण्यांच्या जगात इतका वेळ एका स्वरावर तग धरणं, ही गोष्ट रॉकने इथून शिकली.

१९६७ च्या सुरुवातीला तो बटरफील्डपासून वेगळा झाला. आता त्याला एकट्या ब्लूजचा बँड नको होता. मेम्फिसचा सोल, चर्चमधलं गॉस्पेल, कंट्री, चित्रपटांसाठी लिहिलं जाणारं वाद्यवृंदाचं संगीत, विजेच्या यंत्रांतून निघणारे आवाज, हे सगळं एका ताफ्यात यावं असं त्याच्या मनात होतं. म्हणून नावापुढे उपपद जोडलेलं होतं: ‘अमेरिकन म्युझिक बँड’. व्हिएतनाममधल्या युद्धामुळे अमेरिकेचा झेंडा रस्त्यावर जाळला जात होता, त्या वर्षी बँडच्या नावात झेंडा घेणं हा धीटपणाही होता आणि थोडी चेष्टाही.

माणसं त्याने एकापेक्षा एक गोळा केली. कीबोर्डवर बॅरी गोल्डबर्ग, शिकागोचा जुना दोस्त. गायला निक ग्रेव्हनाइट्स, तोही शिकागोचाच, ग्रीक घरातला. बटरफील्डच्या पहिल्या अल्बमचं सुरुवातीचं गाणं त्याने लिहिलेलं. बासवर हार्वी ब्रुक्स, जो डिलनच्या ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’मध्ये वाजवून आला होता. ट्रम्पेटवर मार्कस डबलडे, टेनर सॅक्सोफोनवर पीटर स्ट्राझा. आणि ड्रमवर बडी माइल्स. हा ओमाहाचा काळा मुलगा अजून विशीचाही नव्हता आणि विल्सन पिकेटच्या बँडमध्ये वाजवत होता. न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात दिवसाला अनेक खेळ करणाऱ्या कार्यक्रमात ब्लूमफील्ड आणि गोल्डबर्ग यांनी त्याला ऐकलं आणि पिकेटकडून पळवलं. बिस्किटांचे पुडे आणि कॅलिफोर्नियाच्या गोष्टी सांगून त्याला फितवल्याची कथा बँडचे लोक पुढे हसत हसत सांगत. मुलगा अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. ड्रम वाजवता वाजवता गायचा आणि मग मंचावर दुसरं कोणी दिसायचंच नाही.

मॅनेजर कोण? अल्बर्ट ग्रॉसमन. डिलनचा मॅनेजर. एकही मैफल न केलेल्या बँडला अमेरिकेतला सर्वांत वजनदार मॅनेजर मिळाला, याला तेव्हा सगळे नशीब म्हणाले असतील.

फुंकवाद्यांचा ताफा बाळगणं म्हणजे काय, हे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. गिटारवाल्याला त्याच्या मोकळ्या तारांमुळे पांढरी तीन आणि पांढरी सहा या पट्ट्या हाताला सोप्या. ब्लूजची बहुतेक गाणी तिथेच वाजतात. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन मात्र घडवलेले असतात काळी पाचच्या हिशेबाने, आल्टो सॅक्सोफोन काळी दोनच्या. गिटारवाला पांढरी तीनमध्ये मजेत बसला की ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर सहा शार्प, म्हणजे चढे स्वर, पडतात, आल्टोवाल्याच्या कागदावर सात. म्हणजे एक तर गिटारवाल्याने आपली सोय सोडायची, नाही तर फुंकणाऱ्याने जीव टाकायचा. शिवाय गिटारवाला मनात आलं की चार आवर्तनं जास्त घेऊ शकतो. फुंकणाऱ्या दोघा-तिघांना मात्र एकाच क्षणी श्वास घेऊन एकाच क्षणी सुटायचं असतं. त्यासाठी कोणीतरी आधी लिहून द्यावं लागतं, तालमी घ्याव्या लागतात, चुकलं तर रागवावं लागतं. वर दोन-तीन माणसांचं जास्तीचं विमानभाडं, खोल्या, पगार. चौघांचा बँड दोस्तीवर चालतो. आठ-नऊ जणांच्या बँडला कारभारी लागतो.

ब्लूमफील्ड कारभारी नव्हता. तो वाजवायला लागला की बाकीचे आपोआप मागे येतील, असा त्याचा समज असावा. शिकागोच्या क्लबमध्ये ते घडतही असे, कारण तिथल्या मंडळींच्या अंगात तीच गाणी मुरलेली होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मिल व्हॅली इथे बँडने मुक्काम ठोकला. लोकांसमोर उभं राहण्याआधीच काम आलं ते चित्रपटाचं. रॉजर कॉर्मन ‘द ट्रिप’ करत होता. पटकथा जॅक निकल्सनची, नायक पीटर फोंडा, विषय एलएसडीचा. त्याचं पार्श्वसंगीत फ्लॅगने केलं. त्यात पॉल बीव्हरने मूग सिंथेसायझर वाजवला आहे. मूग तेव्हा इतका नवा होता की बहुतेक वादकांनी तो पाहिलाही नव्हता. या संगीतातला एक तुकडा दोन वर्षांनी ‘ईझी रायडर’मध्येही वापरला गेला. या पार्श्वसंगीताचा अल्बम विस्कळीत आहे, पण ब्लूमफील्डच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यात पुढच्या अल्बमपेक्षा जास्त उघडपणे ऐकू येतं.

मग आला मॉन्टेरे. जून १९६७ मधला हा तीन दिवसांचा महोत्सव रॉकच्या इतिहासात पुन्हापुन्हा सांगितला जातो: जिमी हेंड्रिक्सने गिटार जाळली, जॅनिस जॉप्लिन एका दुपारीत प्रसिद्ध झाली. शनिवारी १७ तारखेच्या दुपारी इलेक्ट्रिक फ्लॅग पहिल्यांदा जाहीरपणे वाजला. त्याच दुपारच्या यादीत बटरफील्डचा बँडही होता आणि एकट्याने आलेला अल कूपरही. ब्लूमफील्डचं सगळं भूत आणि थोडं भविष्य एकाच मंचावरून गेलं म्हणायचं. फ्लॅगला लोकांनी डोक्यावर घेतलं. खुद्द ब्लूमफील्डचं मत वेगळं होतं. आपण वाईट वाजवलं आणि तरी लोक वेडे झाले, हे त्याला पुढेही कधी उमगलं नाही.

त्याच रात्री ओटिस रेडिंग आला. त्याच्या मागे बुकर टी. आणि त्याची मंडळी, आणि मार-कीजचे फुंकणारे. ही मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची माणसं वर्षानुवर्षं रोज एका स्टुडिओत एकत्र वाजवणारी, नुकतीच युरोपचा दौरा करून आलेली. दोन ताफे, एकच मंच, काही तासांचं अंतर. एक ताफा तालमीतून आलेला, दुसरा निवडीतून. ब्लूमफील्डचा कान फार तयार होता. दुपारी आपल्याकडे काय नव्हतं ते त्याला त्या रात्री कळलं नसेल, हे मला पटत नाही.

रविवारची दुपार एकट्या रविशंकरांची होती. तबल्याच्या साथीला उस्ताद अल्लारखाँ. महोत्सवात बाकी सगळे विनामोबदला वाजले. मानधन घेतलं ते फक्त रविशंकरांनी, तीन हजार डॉलर. डी. ए. पेनबेकरच्या ‘मॉन्टेरे पॉप’ या माहितीपटाचा शेवट याच वादनाने होतो आणि त्यात प्रेक्षकांत बसलेला, भान हरपलेला ब्लूमफील्ड दिसतो. मूळ चित्रपटात इलेक्ट्रिक फ्लॅगचं वादन घेतलेलं नाही. त्याच्या बँडला जागा मिळाली नाही, श्रोता म्हणून त्याला मिळाली. बँडच्या पुढच्या कथेकडे पाहता ही काटछाट फारशी अन्यायाची वाटत नाही.

कोलंबिया रेकॉर्ड कंपनीने बँडशी करार केला. अल्बमचं काम १९६७ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि १९६८ उजाडलं तरी संपेना. हेरॉइन बँडमध्ये शिरलं होतं. ब्लूमफील्डला झोप येत नसे; निद्रानाशाचं दुखणं त्याच्या मागे जुनंच होतं, दौऱ्यांनी ते वाढलं. वर्ष संपता संपता गोल्डबर्ग बाहेर पडला. त्याच्या जागी मायकेल फोनफारा आला, सॅक्सोफोनवर हर्बी रिच आणि स्टेम्सी हंटर आले. डिसेंबरच्या १० तारखेला ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. फ्लॅगच्या अल्बममधलं ‘यू डोन्ट रिअलाइज’ हे गाणं त्याला आणि त्याचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर याला अर्पण केलेलं आहे.

‘अ लाँग टाइम कमिन’’ अखेर मार्च १९६८ मध्ये आला. नावच बोलकं. बिलबोर्डच्या यादीत तो ३१ व्या क्रमांकापर्यंत गेला. वाईट नाही, ग्रॉसमनच्या अपेक्षेच्या मानाने काहीच नाही. सुरुवात होते अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळ्या नागरिकांच्या मतदानहक्काबद्दलच्या गंभीर भाषणाने, त्याच्यावर खो-खो हसण्याचा आवाज येतो आणि धाडकन हाउलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ सुटतं. फुंकवाद्यं इथे सजावट म्हणून येत नाहीत. गिटार एक बोलते, ती दुसरं बोलतात. ‘टेक्सास’ हा संथ ब्लूज बडी माइल्स गातो आणि ब्लूमफील्डची गिटार त्याच्या ओळींच्या मधल्या जागा भरते, अगदी मोजकी. पूर्ण अल्बममध्ये मला हे गाणं सर्वांत वर वाटतं. ‘अनदर कंट्री’मध्ये मधोमध आवाजांचा गोंधळ घातलेला आहे, तो त्या वर्षाचा रोग होता. काही गाण्यांवर तंतुवाद्यांची साय जरा जास्तच धरली आहे.

पण उशीर महागात पडला. अल कूपरने दरम्यान न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ उभा केला होता. जॅझमधून आलेले, कागदावर लिहिलेलं वाजवणारे फुंकवादक त्याने घेतले आणि त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९६८ मध्येच बाजारात आला. वाट फ्लॅगने आधी धरली, मुक्कामाला दुसरा आधी पोचला.

त्यात टीका आली. राल्फ ग्लीसन हा जॅझचा जाणता समीक्षक, ‘रोलिंग स्टोन’चा सहसंस्थापक. मे १९६८ मध्ये त्याने त्याच मासिकात ब्लूमफील्डवर नाव घेऊन लिहिलं. सार असं, की गोऱ्या मुलाने काळा असल्याचं सोंग किती काळ आणायचं? निक ग्रेव्हनाइट्सने त्याच मासिकात खरमरीत उत्तर दिलं. ग्लीसनचा प्रश्न चुकीचा नव्हता, माणूस मात्र चुकीचा निवडला. काळ्या संगीतावर गब्बर झालेले गोरे त्या दशकात पुष्कळ होते. ब्लूमफील्डने त्या म्हाताऱ्यांची पायरी चढून विद्या घेतली होती आणि त्यांची नावं तो जिथे जाईल तिथे घेत असे. पण घाव बसायचा तिथे बसला असावा, कारण ही शंका त्याच्या स्वतःच्याच मनात होती. त्याच्याच मंचावर रोज बडी माइल्स गात होता आणि टाळ्या बडीला पडत होत्या.

इथे पैशाचंही बोलायला हवं. ब्लूमफील्डच्या पाठीशी घरची संपत्ती होती. नको झालं की सोडता येण्याची चैन त्याला होती. पिकेटची चालती नोकरी सोडून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या बडीला ती नव्हती. म्हणून ब्लूमफील्ड मागे हटत गेला तसा बडी पुढे येत गेला. याला काही जण बडीची हाव म्हणतात. मी त्याला गरज म्हणेन.

मे १९६८ मध्ये अल कूपरने ब्लूमफील्डला लॉस एंजेलिसला बोलावलं. कूपर स्वतःही तोवर आपल्याच बँडमधून बाहेर फेकला गेला होता. दोन दिवस मोकळेपणी वाजवायचं, अल्बम होईल तो होईल, एवढाच बेत. पहिल्या दिवशी ब्लूमफील्डने जे वाजवलं ते त्याच्या उत्तम कामात धरतात. दुसऱ्या दिवशी तो जागेवर नव्हता; झोप आली नाही म्हणून घरी जातो, अशी चिठ्ठी ठेवून निघून गेला होता. कूपरने धावपळ करून स्टीफन स्टिल्सला आणलं आणि दुसरी बाजू पुरी केली. हा ‘सुपर सेशन’ १२ व्या क्रमांकापर्यंत चढला. महिनोन्‌महिने घासलेल्या फ्लॅगच्या अल्बमला जे जमलं नाही, ते दोन दिवसांच्या अर्धवट कामाला जमलं. त्या सुमारास ब्लूमफील्डने फ्लॅग सोडला. बडी माइल्सच्या पुढारीपणाखाली उरलेल्यांनी दुसरा अल्बम केला, तो १९६८ च्या अखेरीस आला, ७६ व्या क्रमांकावर थांबला आणि बँड संपला.

पुढचं भराभर सांगतो. १९६९ मध्ये ब्लड, स्वेट अँड टिअर्सचा दुसरा अल्बम यादीत पहिला आला आणि पुढे बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ला मागे टाकून वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेला. त्याचा निर्माता जेम्स विल्यम गर्सिओ. त्यानेच आणखी एक फुंकवाद्यांचा बँड घडवला, त्याचं नाव ‘शिकागो’. ब्लूमफील्डच्या शहराचं नाव लावून दुसऱ्यांनी दशकानुदशकं सभागृहं भरली. दोन्हीकडे एक शिस्तीचा माणूस होता, लिहिलेलं संगीत होतं. दोन्हीकडे ब्लूज मात्र हळूहळू पातळ होत गेला, हेही खरं. जॅनिस जॉप्लिनने फुंकवाद्यांचा नवा बँड उभारला तेव्हा ब्लूमफील्डने हात दिला, तिच्या १९६९ च्या अल्बममध्ये वाजवलंही. बडी माइल्सने ‘बडी माइल्स एक्स्प्रेस’ काढला, फ्लॅगचे काही वादक त्यात गेले. १९६९ च्या शेवटच्या रात्री तो न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये जिमी हेंड्रिक्सच्या मागे ड्रमवर होता. बडीचा आवाज १९८० च्या दशकात अमेरिकेच्या घराघरांत पोचला तो टीव्हीवर नाचणाऱ्या मनुकांच्या जाहिरातीतून. जाहिरातीने दिलं ते झेंड्याने दिलं नाही.

१९७४ मध्ये जुनी मंडळी पुन्हा जमली, जेरी वेक्सलरसारखा निर्माता मिळाला, ‘द बँड केप्ट प्लेइंग’ नावाचा अल्बम निघाला आणि कोणाला काही वाटलं नाही. १५ नोव्हेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्डमध्ये डिलनने ब्लूमफील्डला मंचावर बोलावलं आणि दोघांनी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ वाजवलं. तीन महिन्यांनी, १५ फेब्रुवारी १९८१ ला, त्याच शहरात एका मोटारीत तो मृतावस्थेत सापडला. अमली पदार्थांचा अतिरेक, वय ३७. बडी माइल्स २००८ मध्ये गेला, ग्रेव्हनाइट्स २०२४ मध्ये, गोल्डबर्ग २०२५ मध्ये.

फ्लॅग हा मोठा बँड नव्हता. मोठ्या कल्पनेचा बँड होता, आणि त्याच्या नावावर जेमतेम चाळीस मिनिटांचं चांगलं संगीत आहे. ते आज फोनवर सहज मिळतं. आधी ‘टेक्सास’ ऐका, मग ‘किलिंग फ्लोअर’, मग बटरफील्डकडे मागे जाऊन ‘ईस्ट-वेस्ट’ पूर्ण तेरा मिनिटं, दुसरं काही काम न करता. दुसरा अल्बम बडी माइल्स आवडला तरच घ्या. १९७४ चा ऐकला नाही तरी काही बिघडत नाही.